एकशे बाराव्या पत्राची पाठ

४ फेब्रुवारी

अण्णा, नमस्कार.

पाकीट फोडायच्या आधीच तुम्ही ओळखलं असेल, पोरानं पुन्हा नोकरी सोडली. सोडली. गोदामातला मुकादम बोलायचा नाही, भुंकायचा. पण या वेळी नवी हातात घेऊन मग जुनी सोडली, ही सुधारणा आहे असं ताईला सांगा. तुमच्या कानांना फोन चालत नाही म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर सातवी नापासाच्या हातून दोन पानं निघणं म्हणजे खायचं काम नाही.

नोकरी कागदखान्यात आहे. दारावरच्या पाटीवर जीभ अडखळेल असं लांबलचक नाव आहे, पण आम्ही कामाची माणसं कागदखानाच म्हणतो. आत खिडक्या बंद. फोन दाराशी काढून ठेवायचा. खिशात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. जुन्या कागदांची कोरी पाठ साफ करायची हे माझं काम. लिहिलेल्या बाजूला हात लावायचा नाही, ती शिकलेल्या लोकांची. रबराचा बारीक भुगा पसरायचा, पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची, आणि दोन बोटं रुंद पट्टा हलक्या हातानं घासायचा. मग पट्टी खाली सरकवायची, पुढचा पट्टा. मला शिकवणारा म्हातारा म्हणाला, "हात हलका आहे रे. कुठं शिकलास?" म्हटलं, "वडील दगडावर अक्षरं कोरतात." तो म्हणाला, "मग जड हवा की." म्हटलं, "तुम्ही आमच्या अण्णांना बघितलं नाही अजून."

आता उभे असाल तर बसा. हे कागद जनरलसाहेबांचे आहेत. तेच, आपल्या चौकातल्या दगडावर सगळ्यात वर ज्यांचं नाव आहे ते. लढाईच्या काळात रोज एक पत्र बायकोला लिहायचे. दोनशे सहा पत्रं. कोपऱ्यात स्वतःच्या हातानं आकडा टाकायचे, म्हणजे वाटेत एखादं हरवलं तर बाईंना कळावं. सगळी पेन्सिलीनं, एकाच बाजूला. त्यांच्या घरच्यांनी ती इथं दिली आणि एक प्रोफेसरबाई त्यांचं पुस्तक करतायत. लढाईत नक्की काय झालं त्याचा एवढा सलग पुरावा दुसरा नाही, असं त्या म्हणतात.

मी कोणाचा नातू ते इथं बोललो नाही. मी काय शोधू, सांगा.

तुमचं शेंडेफळ

*

१५ फेब्रुवारी

शेंडेफळास अण्णाचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. नोकरी टिकव.

नदीची लढाई दोन ऑक्टोबरची. त्या दोन-तीन दिवसांतली पत्रं बघ. तुला अर्धवट माहीत आहे, म्हणून सगळं लिहितो. माझे बाबा साहेबांचे निरोपे होते. नदीपलीकडच्या तुकडीला माघारी बोलवायचा हुकूम घेऊन ते निघाले आणि वाटेतून पळाले, हुकूम पोचला नाही, म्हणून एकेचाळीस माणसं मेली, असं साहेबांनी सांगितलं. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. आई म्हणायची, पळणारा माणूस घरी तरी आला असता. ती गेली तरी तेच म्हणत गेली.

चौकातला त्या एकेचाळिसांच्या नावांचा दगड मी कोरला कारण गावात दुसरा कोरणारा नव्हता. तेविसाव्या आणि चोविसाव्या नावांमध्ये एका ओळीची जागा सुटली आहे. सगळे म्हणतात माझं माप चुकलं. माझं माप चुकत नाही. ती जागा बाबांची आहे. तुझ्या ताईलाही हे मी आजवर सांगितलं नव्हतं.

आता नगरपालिका दगड बदलते आहे. झिजलाय म्हणतात. मशीननं कोरलेला येणार. तो बसला की ती जागाही जाईल. नावं त्या पुस्तकाला धरून घेणार आहेत. म्हणजे पुस्तकात काय येतं ते महत्त्वाचं.

अण्णा

*

३ मार्च

अण्णा,

सापडलं! रात्रभर झोप नाही. ताईला बोलवा, दोघं मिळून वाचा.

दोन ऑक्टोबरचं पत्र एकशे बारावं. पुढच्या बाजूला तेच आहे जे आपण जन्मभर ऐकलं: "निरोप्या पळाला. त्याच्या पायी एकेचाळीस गेले." मग एकशे चौदावं. एकशे तेरावं नाहीच. घरचे म्हणतात टपालात हरवलं.

पण अण्णा, ते हरवलेलं नाही. ते आलं होतं, आणि साहेबांच्या बायकोनं एकशे बाराच्या खाली नीट लावून गठ्ठा बांधून ठेवला होता. मला कसं कळलं? एकशे बाराच्या पाठीवर त्याची सावली आहे. वर्षानुवर्षं दाबून राहिलं की मऊ पेन्सिलीचं शिसं समोरच्या कागदाला लागतं. उलटं उमटतं. बाकी कुणाला तो मळ वाटला असता.

मला नाही वाटला. लहानपणी दगडावर उमटवायला तुमच्या नमुन्याचा कागद पालथा घालून पाठीमागून कोळशानं अक्षरं गिरवायचं काम कोणाचं होतं? सुलट अक्षरं शिकायच्या आधी मी उलटी शिकलो. गुरुजींनी पाटीवर उलटा 'क' बघून हातावर छड्या मारल्या, शाळेचं आणि माझं तिथंच बिनसलं. त्या छड्या आज वसूल झाल्या.

पातळ कागदावर माग काढून सोबत पाठवतोय, जसा आहे तसा, उलटाच. सुलट करून लिहितो:

"काल दुपारी निरोप्या"... इथं काही गेलंय... "याला परत पलीकडे पाठवलं. तुकडी मागं यायला परवानगी मागत होती. मी टिकून राहा म्हणून कळवलं. तो म्हणाला, साहेब, आता गेलो तर परत यायचं होणार नाही. मी म्हटलं, जा. गेला. पाण्यात उतरेपर्यंत दुर्बिणीतून दिसत होता. वर मात्र तो पळाला असं कळवलं आहे. सगळ्यात सोपं तेच होतं. तू हे कुणाला"... आणि पान संपतं.

अण्णा, माघारीचा हुकूम नव्हताच. आजोबा गेले. माहीत असून गेले.

प्रोफेसरबाईंना दाखवलं. त्यांनी आरसा धरला आणि सगळं दोनदा वाचलं. म्हणाल्या, "तुम्हाला आरशाशिवाय कसं वाचता आलं?" मी फुशारकीत समोरच्या चिठोऱ्यावर 'प्रोफेसरबाई' असं उलटं झरझर लिहून दिलं. त्या लहान मुलीसारख्या हसल्या, चिठोरं वहीत ठेवलं. म्हणाल्या, "हे पुस्तकात यायलाच हवं." तेव्हा सांगून टाकलं, मी त्या निरोप्याचा नातू. त्यांनी माझा हात धरला, अण्णा.

वरचा थोडा भाग काळानं फिकट होऊन गेलाय. जे उरलंय ते पुरेसं आहे.

तुमचं शेंडेफळ

*

१४ मार्च

भावड्या,

हे अण्णांना न सांगता लिहितेय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी नवा सदरा घातला. मी विचारलं, "कुणाचं लग्न?" ऐकू आलं नाही की ऐकलं नाही, कोण जाणे. मागाचा कागद छातीशी धरून थेट नगरपालिकेत. साहेबांच्या टेबलावर आरसा ठेवून त्यांनाच वाचायला लावलं. घसा बसेपर्यंत ओरडत होते म्हणे, आपला आवाज केवढा येतो हे त्यांना कुठं कळतं. साहेब म्हणाले, पुस्तकवाल्यांचं पत्र आणा, एप्रिल अखेरपर्यंत थांबतो, नव्या दगडावर बेचाळिसावं नाव घालू.

येताना ते न्हाव्याकडे थांबले, वाण्याकडे थांबले. सत्तर वर्षं ज्यांनी 'पळपुट्याचा' म्हणून हाक मारली त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. वाणी म्हणाला, "या, बसा." अण्णा म्हणाले, "बसायला नाही आलो. सांगायला आलो."

पण दोन दिवस झाले, कुठं जात नाहीत. तो कागद पाटावर पसरून त्यावर फूटपट्टी ठेवतात, उचलतात, पुन्हा ठेवतात. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही. माप घेतोय." काय असेल रे?

ताई

*

१६ मार्च

शेंडेफळास.

माग नीट काढला आहेस. हात स्थिर आहे.

एक विचारायचं आहे. कागदाचा वरचा भाग कोरा आहे आणि तो पट्टीनं मारल्यासारख्या सरळ रेषेवर थांबतो. त्याखालची पहिली ओळ उजवीकडून बरोबर आहे, पण डावीकडे, म्हणजे उलट्यात जिथं ओळ संपते तिथं, कापल्यासारखी गेली आहे. तीही सरळच.

झिजलेलं मी आयुष्यभर बघतोय. झीज कडांनी खाते, मधे खाते, कुठंही खाते. पट्टीनं खात नाही. आणि तुझ्या पहिल्या पत्रात तू तुझं काम कसं चालतं ते लिहिलं आहेस.

खरं काय ते लिही.

अण्णा

*

२९ मार्च

अण्णा,

आठ दिवस पाकीट उशीखाली ठेवून झोपतोय.

मी पुसलं. काळानं नाही, मी. त्या दिवशी मला घाई होती. अकरा कागद झाले होते, बारावा झाला की चहाची सुट्टी. पाठ मळकट दिसली, भुगा टाकला, पट्टी लावली, एक पट्टा, दोन, तीन. डोकं खिडकीबाहेर. इथल्या खिडक्या बंद असतात, तरी माझं डोकं बाहेरच असतं, तुम्हाला ठाऊक आहे. चौथ्या पट्ट्याला डावीकडून सुरुवात केली आणि बोटाखाली 'निरोप्या' दिसलं. हात थांबला. तोवर त्या ओळीचा शेवट भुग्यात गेला होता. 'निरोप्या' आणि 'याला' यांच्यामध्ये काय असणार? नावच असणार. आजोबांचं नाव जनरलसाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि मी ते दोन बोटांनी गोल गोल फिरवून पुसलं. भुगा बशीत गोळा करतो आम्ही. चिमूटभर काळा भुगा. तो मी बेसिनमध्ये धुऊन टाकला, कुणी बघू नये म्हणून.

त्याच्या वर तीन पट्ट्यांत काय होतं देव जाणे.

बाईंनी विचारलं होतं, "वरचं कसं गेलं?" मी म्हटलं, "असंच होतं." त्यांनी विश्वास ठेवला. पुस्तकात जातंय, अण्णा. जेवढं उरलंय त्यात 'निरोप्या' आहे, नदी आहे, 'पळाला असं कळवलं' आहे. नाव नसलं तरी कळतंय की. आता गप्प राहिलो तर दगडावर नाव येतंय. तुम्हीही गप्प राहा. फक्त एप्रिल संपेपर्यंत.

तुमचं शेंडेफळ

*

६ एप्रिल

शेंडेफळास.

बाईंना जाऊन सांग.

तू रागावशील. ताई माझ्यावर रागावली आहे, जेवण पुढ्यात आपटून ठेवते. तरी सांग. बाबांवर एक खोटं सत्तर वर्षं बसलं आहे. त्यांना दुसऱ्या खोट्यावर उभं करून दगडावर चढवायचं नाही. मला तो दगड रोज बघायचा आहे.

तू मुद्दाम नाही केलंस. खरं सांगितलंस तर बाई समजून घेतील. उरलेलं तर खरंच आहे. खऱ्याला कशाचं भय.

अण्णा

*

२४ एप्रिल

अण्णा,

सांगितलं.

बाई आधी चिडल्या नाहीत. पट्टी मागून घेऊन कोऱ्या भागाच्या कडेला लावून बघितली. मग म्हणाल्या, "तुम्ही हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?" त्यांना वर कळवावं लागलं. मोठे साहेब आले, जनरलसाहेबांची नात आली. उंच, शांत, कडक इस्त्रीची बाई. आवाज चढवायची गरजच पडत नाही असं बोलते.

मोठे साहेब म्हणाले, "हा कागद कोणी हाताळला?"

म्हटलं, "मी."

"एकट्यानं?"

"हो."

"आणि ज्याच्यावर ठपका आहे त्याचे तुम्ही नातू."

"हो."

नात म्हणाली, "पुसलं तेही यांनी, सापडलं तेही यांना. आणि वाचता येतं तेही यांनाच."

मग तिनं बाईंना विचारलं, "यांना असं उलटं लिहिता येतं का?" अण्णा, त्यांच्या वहीतून ते चिठोरं वर आलं होतं. 'प्रोफेसरबाई', उलटं, झरझर, एकही अक्षर न अडखळता. टेबलावर ते आणि एकशे बारा शेजारी शेजारी ठेवले. "साहेब, पाठीवरचं हे माझं अक्षर नाही," म्हटलं. मोठे साहेब म्हणाले, "वर कोऱ्यावर काय होतं, हेही तुम्हीच सांगणार. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?" मी म्हटलं, शिसं तपासा, जुनं आहे की नवं कळेल. ते म्हणाले, ज्या कागदावर तुम्ही भुगा फिरवलात त्याचं आता काय तपासायचं.

मी म्हटलं, "मला पुसायचंच असतं तर पुढची बाजू पुसली असती. जिथं 'पळाला' लिहिलंय ती." कुणी हसलं नाही.

बाई जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाला पुस्तकात पान नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेही सहन होईना.

एकशे बारा कुलपात गेलं. मला टेबलावरून काढलं, तळघरात खोकी बांधायला दिलंय. या महिन्याअखेर तेही संपेल. पुस्तकाच्या छापायला जाणाऱ्या पानांत मी बघून आलो. पुढची बाजू जशीच्या तशी आहे: निरोप्या पळाला. खाली बारीक टीप: "या पत्राच्या पाठीवर पेन्सिलीचा डाग आहे. तो अलीकडचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

तो डाग म्हणजे आजोबा, अण्णा.

खऱ्याला भय नसतं म्हणालात. तुमचा राग नाही. खरंच नाही. फक्त एकदा सांगा, मी गप्प राहिलो असतो तर तुम्ही त्या दगडाकडे बघितलं असतं का?

शेंडेफळ

*

११ मे

शेंडेफळास अण्णाचा आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. रोज विचार करतो. सांग म्हणालो ते बरोबर होतं असं सकाळी वाटतं. संध्याकाळी वाटत नाही. तू दोष घेऊ नकोस. तुझ्या हातून नाव गेलं आणि माझ्या हातून उरलेलं गेलं. फिटंफाट झाली.

नगरपालिकेचे साहेब घरी येऊन गेले. भले गृहस्थ आहेत, बसून चहा प्यायले. वाण्यानं काही विचारलं नाही. न विचारणंच जास्त ऐकू येतं, मलासुद्धा.

परवा नवा दगड बसला. काळा, आरशासारखा. एकेचाळीस नावं, सारख्या अंतरावर. तेवीस आणि चोवीस एकमेकांना चिकटून आहेत. अक्षर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. मशीन थकत नाही.

जुना दगड ट्रकमध्ये घालायच्या आधी मी मजुरांना म्हटलं, पाच मिनिटं द्या. टेप लावला. सुटलेल्या ओळीचं माप घेतलं. मजूर म्हणाला, "बाबा, आता काय मोजताय? फोडायलाच चाललाय." मला ओठांवरून कळलं. म्हटलं, "सवय आहे."

घरी येऊन तुझा माग पाटावर काढला. साहेबांची ओळ केवढी रुंद ते खालच्या ओळींवरून कळतं. त्यांचं एक अक्षर किती जागा खातं तेही कळतं. तू पुसलंस ती जागा 'निरोप्या'पासून ओळीच्या टोकापर्यंत मोजली. बाबांचं नाव त्यांच्या अक्षराच्या मापानं कोळशानं लिहून, कापून, तिथं ठेवून बघितलं.

यानं काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. तेवढ्या जागेत पुष्कळ नावं बसतील. कुणाला दाखवायला गेलो नाही. ताईलाही नाही. तू कोळसा फिरवायचास म्हणून तुला सांगतो.

बसतं. एका बाजूला केसभर सुटतं, तेवढं सोडावंच लागतं.

दगडावरही बसत होतं.

घरी ये.

अण्णा